पाळीपत्रकासाठी एक संथ यंत्र

पाण्याची नवी फेरी सुरू व्हायच्या शनिवारी सकाळी सातच्या आत पाळीपत्रक पंपघराच्या दारावर लागलेच पाहिजे, असा आमच्या उपसा सिंचन संस्थेचा नियम होता. उजनीच्या फुगवट्यातून पाणी उचलून ते इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या माळापर्यंत नेणारी ही लहानशी सहकारी संस्था. कोणाच्या रानाला कोणत्या दिवशी, किती वाजता आणि किती तास पाणी मिळणार, हे ज्या कागदावर छापलेले असे, तो कागद म्हणजे पाळीपत्रक. तो वेळेवर लागला तर गावात शांतता असे. लागला नाही, तर ज्यांची राने पाइपलाइनच्या तोंडाशी होती त्यांच्यापासून पाणी सुरू होई, आणि शेपटाकडच्या रानांपर्यंत पोचण्याआधीच मोटार बंद करण्याची वेळ येई.

त्या संस्थेचा मी मानद सचिव होतो. मी गावातल्या हायस्कुलात गणित शिकवत असे, माझी दीड एकर जमीन संस्थेच्या क्षेत्रात येत असे आणि मी सभेत बोलत नसे. या तिसऱ्या गुणावर सर्वांचे एकमत झाले असावे. ज्याला बोलता येत नाही त्याच्याकडे निदान लिहिण्याचे काम द्यावे, असा तो व्यवहारी विचार होता, आणि त्याबद्दल मी गावाचा आजही आभारी आहे. त्या कामामुळेच वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी मी पहिल्यांदा संगणकाला हात लावला.

तो संगणक एका पतसंस्थेने बदलून टाकलेला होता. त्यावर पाळीपत्रक तयार करणारा एक प्रोग्राम होता. साखर कारखान्यात उमेदवारी करणाऱ्या एका अभियंत्याने तो पूर्वी कधीतरी लिहून दिला होता. पुढे तो कोठे गेला, हे कोणालाच ठाऊक नव्हते. प्रोग्राम दिसायला अगदी साधा होता. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे आणि इंग्रजीत पाच-सहा प्रश्न, एवढेच. पण त्याची स्मरणशक्ती पक्की होती. वीज गेली, पाइप फुटला किंवा मोटार बिघडली आणि कोणाची पाळी अर्धवट राहिली, तर तेवढे तास तो त्या सभासदाच्या नावे तूट म्हणून लक्षात ठेवी आणि पुढच्या फेरीत ज्याची तूट जास्त त्याला आधी पाणी देई. माणसांच्या मध्यस्थीने जे वर्षानुवर्षे जमले नव्हते, ते या यंत्राने भांडण न करता जमवले होते. यंत्राशी कोणाचे भाऊबंदकीचे नाते नव्हते.

मी त्याच्याशी फार जपून वागत असे. दर रविवारी बारामतीत एका संगणक वर्गाला जाऊन शेवटच्या बाकावर बसत असे आणि शिकवलेले सगळे वहीत उतरवून घेत असे. इतर विद्यार्थी माझ्याच जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचे होते. वर्ग चालवणाऱ्या मॅडम माझ्यापेक्षा वीस वर्षांनी तरी लहान होत्या. "सर, प्रश्न?" असे त्या दर वेळी विचारत आणि मी दर वेळी मान हलवून नाही म्हणत असे. प्रश्न असत, पण ते घरी येताना बसमध्ये मी मनातल्या मनात विचारत असे.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अगदी अखेरच्या उन्हाळ्याची आहे. मागच्या फेरीच्या शेवटच्या दिवसांत ट्रान्सफॉर्मर जळाला आणि शेपटाकडच्या बारा सभासदांची पाळी बुडाली. त्यांत सर्वांत जास्त, नऊ तासांची, तूट अक्कांची होती. अक्कांचे रान पाइपलाइनच्या अगदी टोकाला होते. त्यांचे यजमान ट्रकवर महिनोन्महिने परमुलखात असत, आणि एक एकर डाळिंबाची बाग अक्का एकट्या सांभाळत. तात्यांनी, म्हणजे आमच्या पंपघरावरच्या मोटारचालकांनी, तुटीचे तास एका चिठ्ठीवर लिहून दिले. मी ते संगणकात भरले आणि चिठ्ठी फाडून टाकली. नोंद झाली की चिठ्ठी फाडायची, ही शिस्त मीच स्वतःला लावून घेतली होती. तिचा मला थोडा अभिमानही होता.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी तो संगणक बंद पडला. बारामतीच्या दुरुस्तीवाल्याने तो उघडून पाहिला आणि हे भाग आता कोठेच मिळणार नाहीत, असे सांगितले. संस्थेने नवा संगणक आणला. माझ्या भित्र्या स्वभावाने एक उपकार करून ठेवला होता: दर आठवड्याला मी प्रोग्रामची आणि सगळ्या नोंदींची फ्लॉपीवर नक्कल करून घेत असे. त्यामुळे काहीही हरवले नव्हते. फ्लॉपी घालायची, प्रोग्राम सुरू करायचा, पाळीपत्रक छापायचे.

प्रोग्राम सुरू झाला नाही. पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ आली आणि सगळे बंद झाले. त्या ओळीचा अर्थ असा होता, की कोठेतरी शून्याने भागाकार झाला आहे.

पंचवीस वर्षे मी मुलांना बजावत आलो होतो, की शून्याने भागायचे नसते. कोठेतरी मीच एखाद्या रकान्यात शून्य भरले असणार, अशी माझी खात्री झाली. मी दुसरी फ्लॉपी घातली, तिसरी घातली. जुन्यातली जुनी, वर्षापूर्वीची नक्कलही लावून पाहिली. तीच ओळ. शनिवारपासून मंगळवारपर्यंत रोज शाळा सुटल्यावर मी त्या यंत्रापुढे बसत होतो आणि कोणाला काही सांगत नव्हतो. पुढच्या शनिवारी नवी फेरी सुरू व्हायची होती.

मंगळवारी संध्याकाळी अक्का कार्यालयाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आत येत नव्हत्या, कारण पाय मातीने भरलेले होते.

"गुरुजी, शनवारी पयली पाळी माझीच न्हवं?"

"हो, तुमचीच."

"न्हाय, इचारून ठिवलं. झाडं फुलावर हायती. मागल्या येळचं पानी बुडालं तवाच निम्मी फुलं गळाली. ह्या शनवारचं चुकलं तर ह्या वरसाचा बहारच गेला म्हनायचा."

"चुकणार नाही," मी म्हणालो.

"तुमी म्हनला म्हंजी झालं," असे म्हणून त्या गेल्या.

मी तसे का म्हणालो, हे मला आजही सांगता येत नाही. संकोची माणूस नाही म्हणू शकत नाही म्हणून हो म्हणतो, एवढेच खरे. अक्कांचे नऊ तास मला आठवत होते. पण बाकीच्या अकरा जणांचे आकडे आठवत नव्हते, तात्यांनाही नव्हते. आणि एकाच सभासदाची तूट नेमकी आठवणारा सचिव गावाला कसा पटणार? जुनी पाळीपत्रके पंपघराच्या दारावर कणकेच्या खळीने चिकटवलेली असत, आणि खळीच्या वासाने शेळ्या ती कोपऱ्याकोपऱ्यांनी खाऊन टाकत. शिवाय या तुटी कधी छापल्याच गेल्या नव्हत्या. त्या फक्त फ्लॉपीत होत्या, आणि फ्लॉपी वाचू शकणारा प्रोग्राम उठायला तयार नव्हता.

बुधवारी मी हेडमास्तरांकडे शुक्रवारपर्यंतच्या किरकोळ रजेचा अर्ज दिला. आजारपणाशिवाय घेतलेली ती माझ्या नोकरीतली पहिली रजा. दुपारी बारामतीला वर्गात जाऊन पोचलो तेव्हा मॅडम एकट्याच होत्या. मी आधी वेळ घेतल्याबद्दल क्षमा मागितली, मग रविवार नसताना आल्याबद्दल मागितली, मग माझ्या हातून बहुधा काही चूक झाली आहे असे सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"सर, एक सांगू? तुम्ही आधी माफी मागता आणि मग अडचण सांगता. आज उलट करा. आधी अडचण."

मी अडचण सांगितली. त्या मग म्हणाल्या, "नव्या मशीनवर जुना डॉस प्रोग्राम चालत नाही, एवढंच ना? मग आपण नव्या मशीनच्या आत एक जुनं मशीन तयार करू."

मला वाटले, त्या माझी समजूत काढण्यासाठी काहीतरी बोलत आहेत. पण त्या गंभीर होत्या. एका संगणक मासिकाबरोबर आलेल्या दोन सीडी त्यांनी कपाटातून काढल्या. त्यांवर लिनक्स होते. ही संगणकाची एक मूळ प्रणाली, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली. तिचा मजकूर कोणीही उघडून वाचावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा, अशी तिची रीत. तिच्यावर असे प्रोग्राम मिळतात, की जे स्वतःच एखाद्या संगणकाचे सोंग घेतात. त्यांच्या आत दुसरी प्रणाली बसवता येते, आणि तिला वाटते की आपण खऱ्याच यंत्रावर आहोत. याला आभासी यंत्र म्हणतात.

"आणि आतले यंत्र बिघडले तर?" मी विचारले. वर्गात विचारलेला तो माझा पहिला प्रश्न होता.

"पुसून टाकायचं आणि दुसरं करायचं. बाहेरच्याला ओरखडाही येत नाही. उद्या मशीन घेऊन या."

हे ऐकून मला केवढा धीर आला, ते मी शब्दांत नीट सांगू शकणार नाही. मोडले तरी चालेल असे यंत्र असू शकते, ही कल्पनाच मला तोपर्यंत नव्हती. माझ्या पिढीला प्रत्येक वस्तू जपून वापरायला शिकवले होते आणि मी ते गरजेपेक्षा जास्त शिकलो होतो.

गुरुवारी सकाळी संगणकाची पेटी घोंगडीत गुंडाळून मी भिगवणहून बारामतीच्या एसटीत चढलो. मांडीवर पेटी होती. शेजारी एका बाईंनी माशांची पाटी ठेवली होती. तिच्यातल्या बर्फाचे पाणी हळूहळू माझ्या चपलेकडे येत होते. मी पेटी आणखी वर उचलून धरली.

"गुर्जी, घोंगडीत काय बांधलंय?" कंडक्टरने विचारले. "त्येचं तिकीट काढाय लागल."

"गावच्या पाण्याच्या पाळ्या आहेत," मी म्हणालो. त्या क्षणी दुसरे काही सुचले नाही.

"आता पानी बी एसटीनं जायला लागलं व्हय?" मासेवाल्या बाई म्हणाल्या, आणि सगळी बस हसली. कंडक्टरने तिकीट काढले नाही. पाटी मात्र त्या बाईंनी स्वतःच्या पायांकडे ओढून घेतली आणि उरलेला सगळा प्रवास पेटीवर एक हात ठेवला, वळणावर सरकू नये म्हणून. मी त्यांचे आभार मानायचे ठरवले होते. पण त्या माझ्याआधीच उतरून गेल्या.

लिनक्स बसवायला दुपार झाली. संगणकाच्या तबकडीचे, म्हणजे हार्ड डिस्कचे, भाग पाडताना मॅडम दर पायरीला मला कळ दाबायला लावत होत्या. "आता सगळं पुसलं जाईल, चालेल का," असा प्रश्न पडद्यावर आला तेव्हा माझे बोट कळीवर थांबले. त्या वाट पाहत राहिल्या. मी कळ दाबली. मग त्यांनी आत डॉसचे, म्हणजे जुन्या संगणकावरच्या प्रणालीचे, आभासी यंत्र उभे केले. नव्या पडद्याच्या मध्यावर एक लहान काळी चौकट उघडली आणि तिच्यात आमच्या जुन्या संगणकावर येई तशी खूण लुकलुकू लागली. कित्येक दिवसांनी ओळखीचे माणूस भेटावे, तसे मला झाले. मी फ्लॉपी घातली, प्रोग्रामचे नाव लिहिले.

तीच ओळ आली. शून्याने भागाकार.

मॅडमनी आणखी दोन-तीन युक्त्या करून पाहिल्या. स्मृती कमी करून पाहिली, वाढवून पाहिली. शेवटी त्या खुर्चीला टेकल्या. "काय बिनसलंय तेच कळत नाही," त्या म्हणाल्या. त्यांना विचारायला बाहेर कोणी नव्हते. इंटरनेटसाठी पुण्याला जोडणारी फोनची लाइन दोन दिवस बंद होती. पेटी तिथेच ठेवून मी संध्याकाळच्या बसने परतलो.

पंपघरापाशी तात्या कट्ट्यावर बसले होते. ते धनगरवाड्यातले. त्यांच्या घरची मेंढरे विकून झाली त्याला काही वर्षे झाली होती, पण तरुणपणी ते दर साल कळपाबरोबर कोकणात उतरत असत. आता मोटार चालवत आणि तिचा आवाज ऐकून तिची तब्येत सांगत. माझा चेहरा पाहून त्यांनी सरकून जागा दिली. खरे तर मी कोणाजवळ मन मोकळे करणारा माणूस नव्हे. पण त्या दिवशी सगळे सांगितले.

"म्हंजी जुन्यावर चालत हुतं, नव्यावर चालत न्हाय," तात्या म्हणाले. "आन् नवा कसा हाय?"

"उत्तम आहे. फार वेगवान. जुन्याच्या कितीतरी पट."

"आन् जुना?"

"अगदी हळू. एक पत्रक काढायला बराच वेळ घ्यायचा."

तात्यांनी तंबाखू मळत थोडा विचार केला. "गुरुजी, आमी कोकनात जायचो तवा बिऱ्हाड घोड्यावर आसायचं. भांडी, पीठ, आंथरून, ल्हान ल्येकरं, समदं. घोडं मोकळं सोडलं तर दुपारलाच पुढल्या मुक्कामाला जाऊन हुबं ऱ्हायाचं. मेंढरं यायची सांजच्याला. मग ल्येकरं एकीकडं आन् आई एकीकडं. म्हून घोड्याला धरून मेंढरांच्या चालीनं न्यावं लागतंय. घोड्यात खोट नसती, आन् मेंढरात बी नसती."

"मग?"

"मग काय, तुमचा परोगराम मेंढरागत हाय. त्येच्या म्होरं घोडं पळाय लागलंय. जरा हळू करा की त्येला."

मी हसलो नाही. संगणक हळू करा, असे कोणी म्हटल्याचे मी कधी ऐकले नव्हते. वर्गात, दुकानात, मासिकात सगळे वेगाचीच भाषा बोलत. पण पंचवीस वर्षे उत्तरे तपासल्यावर एवढे कळते, की कधी कधी रीत न लिहिता आलेले उत्तर बरोबर असते.

शुक्रवारी सकाळी पहिल्या बसने मी बारामतीला गेलो. "अडचण आधी," मी स्वतःला बजावले आणि दारातच विचारले, "मॅडम, आतले यंत्र हळू करता येईल का?"

त्या हसल्या. मग हसू अर्ध्यावर थांबले आणि त्यांनी कपाळावर हात मारला. "सर! मी वाचलंय हे. एका मासिकातल्या वाचकांच्या पत्रांत." काही जुने प्रोग्राम सुरू होताना यंत्राची चाल मोजतात: घड्याळाच्या एका ठोक्यात आपल्या किती फेऱ्या होतात, ते. मग त्या संख्येचा भागाकार करून ती एका ठरावीक खान्यात ठेवतात. यंत्र फार वेगवान असेल तर उत्तर त्या खान्यात मावत नाही, प्रोसेसर भागाकार नाकारतो आणि प्रोग्राम समजतो की शून्याने भागले गेले. म्हणजे शून्य कोठे नव्हतेच. मी कोणत्याही रकान्यात ते भरले नव्हते. प्रोग्राम लिहिणाऱ्या त्या अभियंत्याला इतके वेगवान यंत्र कधी येईल, असे वाटलेच नसणार. सात दिवस मी जी चूक माझी समजत होतो, ती कोणाचीच नव्हती.

कालचे आभासी यंत्र खऱ्या प्रोसेसरच्याच वेगाने धावत होते. पण दुसऱ्या प्रकारचे एक असते, मॅडम म्हणाल्या. ते प्रोसेसरचेही सोंग स्वतःच घेते. एकेक आज्ञा वाचून, समजून, मग पार पाडते. त्यामुळे ते इतके संथ असते, की कोणी कामाला वापरत नाही. ते दुसऱ्या सीडीच्या एका कोपऱ्यात होते. त्याच्यासोबत एक माहितीची फाइल होती. मी माझ्या सवयीने ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. ते लिहिणाऱ्याने म्हटले होते, की हे फार हळू चालते याची आपल्याला कल्पना आहे, यात उणिवा असतील, आणि तरीही कोणाला उपयोग झाला तर कळवावे. दूर कोठेतरी बसलेला एक माणूस आपल्या कामाबद्दल आधी क्षमा मागत होता. त्याचे शब्द वाचून मला अतिशय आपलेपणा वाटला. मॅडमनी मला उलट करायला सांगितले होते तसे त्यालाही कोणी सांगावे, असे वाटून गेले.

आम्ही ते बसवले. नव्या तबकडीवर एक मोठी रिकामी फाइल केली. तीच आतल्या यंत्राची तबकडी. त्याला थोडीशीच स्मृती दिली. त्यात डॉस घातले, मग फ्लॉपीवरचा आमचा प्रोग्राम. सगळ्या आज्ञा मी स्वतः लिहिल्या. दोनदा चुकलो, दोन्ही वेळा ती फाइल पुसून नवी केली आणि दोन्ही वेळा कोणाची क्षमा मागितली नाही. मग प्रोग्रामचे नाव लिहून कळ दाबली.

काही झाले नाही. निदान बराच वेळ तसे वाटले. मग चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात एक अक्षर उमटले, मग दुसरे. एकेक अक्षर चालत येत होते. संस्थेचे नाव पुरे व्हायला इतका वेळ लागला, की तेवढ्यात मॅडमनी खालच्या टपरीवर चहा सांगितला. चहा आला तेव्हा पहिला प्रश्न पडद्यावर उभा होता: नवे पत्रक काढायचे का?

पत्रक तयार व्हायला अडीच तास लागले. मी खुर्चीवरून उठलो नाही. वर्गात मुले येत होती, जात होती, कोणी खिडकीशी थांबून विचारी, "सर, मशीन हँग झालं काय?" आणि मॅडम सांगत, "नाही, ते चालतंय. त्याला चालू द्या." त्या दिवशीच्या त्यांच्या दोन तुकड्या त्यांनी एक पडदा आणि कळफलक कमी वापरून शिकवल्या आणि मला एकदाही घाई केली नाही. आभासी यंत्राने पत्रक एका फाइलमध्ये टाकले, आणि ती फाइल लिनक्सने ठोक्यांच्या, म्हणजे डॉट-मॅट्रिक्स, प्रिंटरला दिली. प्रिंटरचा तो कर्कश आवाज मला इतका गोड कधीच लागला नव्हता.

पहिल्या ओळीत अक्कांचे नाव होते. तूट नऊ तास. शनिवार, सकाळी सात.

शनिवारी पावणेसातला मी पंपघरावर पोचलो तेव्हा तिथे पंधरा-वीस जण होते. पहिल्या चारीवरचे आबा खोरे खांद्यावर घेऊनच आले होते. पत्रक नसेल तर पाणी त्यांच्यापासून सुरू होणार होते, आणि पत्रक नसणार ही बातमी गावात पसरली होती. अक्का जरा दूर, बाभळीखाली उभ्या होत्या. माझ्याकडे बघत नव्हत्या.

मी कागद चिकटवला. आबांनी जवळ येऊन पाहिला.

"गुरुजी, जुना कंप्युटर तर मेला म्हनत हुते. मग ह्यो कागद कुनी काढला?"

एरवी मी तात्यांकडे पाहिले असते आणि त्यांनी उत्तर दिले असते. पण तात्या आत मोटारीपाशी होते.

"जुन्याच प्रोग्रामने," मी म्हणालो. "नव्या संगणकाच्या आत आता जुन्यासारखा एक संगणक चालतो. त्यावर."

"म्हंजी मेलेला नव्याच्या अंगात आला म्हना की!" आबा म्हणाले. सगळे हसले. "आता कोंबडं कापाय लागल व्हय त्येला?"

"आन् अंगात आल्यालं काय बी बोलतंय," मागून कोणीतरी म्हणाले. "ते कशावरनं खरं धरायचं?"

वर्गात मी रोज बोलत असे. पण वर्गातल्या कोणाच्या रानाचे पाणी माझ्या बोलण्यावर अवलंबून नसे. "मी सगळ्या तुटी वाचून दाखवतो," मी म्हणालो. "ज्याची चुकीची असेल त्याने सांगावे." आवाज कापत होता, पण वाचायला लागल्यावर हळूहळू स्थिर झाला. अक्का, नऊ तास. दुसरे नाव, सात तास. तिसरे, साडेसहा. एकेक जण मान हलवत होता, कोणी स्वतःशी हिशेब जुळवत होता. "व्हय, बराबर हाय. म्या भाकरी खायाला गेलो आन् लाइट गेली," एक जण म्हणाला. बाराही जणांची नावे झाली. तेराव्या ओळीवर मी क्षणभर थांबलो, कारण तात्यांच्या आधीच्या एका चिठ्ठीवरून ती मीच भरली होती आणि विसरून गेलो होतो.

"आबा, दोन तास."

"कुनाचं?"

"तुमचे. मागच्या फेरीत तुमच्या चारीचा जॉइंट फुटला होता."

आबांनी खोरे खांद्यावरून खाली घेतले. "ते म्या धरलंच न्हवतं. जॉइंट माझ्या बाजूचा हुता, म्हून गप बसलो हुतो." ते पुन्हा कागदाजवळ गेले. त्यांना इंग्रजी अक्षरे वाचता येत नव्हती, पण आकडे येत होते. दोनच्या आकड्यावर त्यांनी बोट ठेवले आणि तसेच उभे राहिले. मग मागे वळून म्हणाले, "म्या सांगितलं न्हाय, कुनी मागितलं न्हाय, आन् तरी बी त्येनं धरलंय. मग बाकीचं खोटं कसं आसंल? सोडा की पानी. तात्या, अक्काचा वॉल उघडा!"

"बारा जनांच्या मागं बसावं लागल बरं का, आबा," कोणीतरी टोमणा मारला.

"बसतो की. दोन तास आयतं गावलंय."

आत तात्यांनी मोटार सुरू केली. पाइपलाइनच्या टोकाला पाणी पोचायला वेळ लागत असे. शाळा सकाळची होती; पण मी हेडमास्तरांना आणखी अर्ध्या दिवसाची रजा मागितली होती. या वेळी अर्जात कारण लिहिले: पाणी पाहण्यासाठी. त्यांनी ती दिली, याबद्दल त्यांचेही आभार.

बागेच्या बांधावर उभा राहून मी ज्यांचे ऋण वाटत होते त्या सर्वांची मनात उजळणी करत होतो: मॅडम, तात्या, कोठला कोण तो संथ यंत्र लिहिणारा माणूस, आणि आकडे गिळून न टाकणारा तो उमेदवार अभियंता. त्या लिहिणाऱ्याला पत्र पाठवायचे मी ठरवले. इंग्रजीत, व्यवस्थित, आधी काम झाल्याचे कळवून. क्षमा कशाचीच न मागता. पुढच्या आठवड्यात मॅडमच्या संगणकावरून ते पाठवलेही. त्याचे उत्तर आले की नाही, हे मी अजून कोणाला सांगितलेले नाही. पण त्या उत्तरात त्याने पाणी किती वाजता पोचले ते विचारले होते.

साडेआठला व्हॉल्व्हच्या तोंडाशी आधी हवा फुसफुसली, मग गढूळ पाण्याचा एक लोळ बाहेर पडला आणि चारीत पसरला. अक्का खोरे घेऊन पुढे झाल्या. एकेका झाडाच्या आळ्याची तोंडे त्या भराभर उघडत चालल्या. लाल फुलांनी भरलेल्या फांद्या त्यांच्या डोक्याला लागत होत्या. पाण्याकडे बघता बघता मी बांधावरून उतरून चारीतच उभा राहिलो होतो, आणि माझ्या पायांना अडून पाणी बाजूच्या ढेकळांत घुसत होते.

"गुरुजी," अक्का मागे न बघता ओरडल्या, "बाजूला व्हा की! पानी आडवलंय तुमी!"

मी घाईने बाजूला झालो. पाणी सरळ झाले आणि पहिल्या झाडाच्या आळ्यात शिरले.